आधी तास सांगा, मग ताकद

हातात धरून खेळायच्या कन्सोलची ताकद कशावरून ठरवावी? आपल्या डॉर्ममध्ये या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, सेकंदाला फ्रेम किती. सुट्टी पंधरा दिवसांवर आली की लाइट्स आउटच्या आधी हेच आकडे कानावर पडू लागतात. ज्याच्या घरी सर्वांत नवे यंत्र, त्याचा शब्द शेवटचा. ज्याच्याकडे जुने आहे तो गप्प बसतो, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो उशी डोक्यावर घेऊन झोपल्याचे सोंग करतो. या सगळ्या चर्चेत "ते एका चार्जवर किती तास चालते?" हा प्रश्न शेवटी येतो, नाहीतर येतच नाही.

माझे मत असे आहे की तो प्रश्न पहिला यायला हवा. भिंतीला जोडलेल्या मोठ्या कन्सोलची गोष्ट वेगळी, त्याला वीज मंडळ पोसते. पण जे यंत्र हातात धरून, गाडीत बसून, गच्चीवर पडून खेळायचे असते, त्याची बॅटरी ही कामगिरीच्या शेजारची वेगळी रकाना-भरती नाही. ती कामगिरीचाच पहिला भाग आहे. दोन तासांत मान टाकणाऱ्या यंत्राला ताकदवान म्हणणे म्हणजे क्रॉस कंट्रीत पहिल्या पाचशे मीटरला सर्वांच्या पुढे असलेल्याला विजेता म्हणण्यासारखे आहे. आपले उस्ताद तसे म्हणू देतील का?

सरांच्या भुवया वर जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. शाळेत कन्सोल आणायला बंदी आहे, आणि ती असावी असेच मला वाटते. हा लेख सुट्टीबद्दल आहे आणि घरून येणाऱ्या पैशांबद्दल आहे. माझे बाबा लष्करात हवालदार आहेत. २०२३ मध्ये आसुसचा आरओजी अ‍ॅलाय भारतात आला तेव्हा त्याची किंमत ६९,९९० रुपये होती. एवढ्या रकमेचा हट्ट ज्या घरात होऊ शकतो, त्या घरात निदान हिशेब तरी नीट व्हायला हवा.

आधी आपली गरज काय ते पाहू. आपल्यापैकी बहुतेक मराठी मुलांचा कन्सोलशी सर्वांत लांबचा सहवास घडतो तो रेल्वेत, म्हणजे शाळेतून निघताना नव्हे, तर सुट्टीत आई-बाबांबरोबर कुठे जाता-येताना. निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेसने साताऱ्याला यायला सुमारे तीस तास लागतात. डब्यातल्या एका कप्प्यात प्लग असतात मोजके आणि माणसे सहा-आठ. प्रत्येकाचा फोन उपाशी. त्यात आगीचा धोका टाळण्यासाठी रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात चार्जिंगचे प्लग बंद ठेवायचे, असे रेल्वेचे धोरण आहे. म्हणजे अशा प्रवासात भिंतीवरच्या विजेचा भरवसा धरता येत नाही. जे आहे ते यंत्राच्या पोटात. मग त्या पोटात काय मावते आणि ते किती वेगाने संपते, हेच खरे तपासायचे आहे.

ही अडचण नवी नाही. १९८९ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने गेम बॉय बाजारात आणला. त्याची स्क्रीन १६० बाय १४४ ठिपक्यांची, रंग म्हणावेत तर राखाडी-हिरव्या चार छटा, आणि मागून प्रकाश अजिबात नाही. अंधारात तो दिसतच नसे. त्याच वर्षी अमेरिकेच्या अटारी कंपनीचा लिंक्स आला, तो रंगीत आणि उजळ. पुढच्या वर्षी जपानमध्येच सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत आणि उजळ. कागदावर पाहिले तर गेम बॉय हा या तिघांत सर्वांत दुबळा गडी.

पण बॅटरीचा हिशेब बघा. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागत आणि ते १५ तासांच्या आसपास, कधी त्याहून जास्तही पुरत. गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. लिंक्सचेही जवळजवळ तेच, सहा सेल आणि चार-पाच तास. आता साताऱ्याच्या प्रवासातले झोप, जेवण आणि गप्पा वजा करून निम्मे तास, म्हणजे १५ तास खेळायचे ठरवले तर गेम बॉयला ४ सेल पुरतील. गेम गिअरला १८ ते ३० सेल लागतील. तीस सेल! म्हणजे डब्यापेक्षा दाणागोटा जड. खर्च आईच्या पर्समधून होणार, हे वेगळेच.

पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त विकले गेले. गेम गिअर एक कोटीच्या थोडा वर जाऊन थांबला. हे सगळे श्रेय बॅटरीचेच, असे मी म्हणणार नाही. गेम बॉय स्वस्त होता आणि त्याच्यासोबत टेट्रिससारखा खेळ होता. पण टेट्रिस खेळायला यंत्र चालू असावे लागते, एवढे तरी मान्य करू.

गेम बॉयमागचा माणूस होता गुन्पेई योकोई. १९६५ मध्ये तो निन्टेन्डोत लागला तेव्हा ती कंपनी पत्ते बनवत असे आणि योकोईचे काम पत्ते बनवणारी यंत्रे दुरुस्त ठेवण्याचे होते. त्याचे म्हणणे असे की सर्वांत नव्या, महागड्या तंत्राच्या मागे धावू नये. जे तंत्र जुने होऊन स्वस्त झाले आहे, ज्याचे गुणदोष कळले आहेत, ते नव्या कामाला लावावे. कॅल्क्युलेटरमुळे स्वस्त झालेली स्क्रीन वापरून त्याने १९८० मध्ये गेम अँड वॉच हे छोटे खेळ बनवले, आणि गेम बॉयमध्येही हाच विचार पुढे नेला. रंगीत स्क्रीन त्या काळी मिळत होती. योकोईने ती घेतली नाही, कारण तिने सेल खाल्ले असते. आपल्याकडे याला अंथरूण पाहून पाय पसरणे म्हणतात. अंथरूण म्हणजे इथे चार सेल.

साधेपणाचा एक फायदा आपल्या पेशाला जवळचा आहे. १९९०-९१ च्या आखाती युद्धात बराकीवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात एका सैनिकाचा गेम बॉय भाजून निघाला. पुढचे प्लास्टिक वितळले, काळे पडले. तरीही तो चालू झाला. निन्टेन्डोने न्यूयॉर्कच्या आपल्या दुकानात तो अनेक वर्षे काचेच्या पेटीत ठेवला होता, आणि त्याच्या स्क्रीनवर टेट्रिस चालू असे.

आता थोडे भौतिकशास्त्र. दहावीला 'विद्युत' या धड्यात आपण शिकतो की शक्ती मोजतात वॉटमध्ये आणि ऊर्जा म्हणजे शक्ती गुणिले वेळ. गावाकडच्या पाण्याच्या टाकीचा विचार करा. बॅटरीवर लिहिलेले वॉट-तास म्हणजे टाकीतले पाणी. यंत्र किती वॉट घेते म्हणजे नळ किती उघडला आहे. पाणी भागिले नळाची धार, बरोबर किती तास पुरेल. एवढेच गणित.

व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक २०२२ मध्ये आला. त्याची बॅटरी ४० वॉट-तासांची, आणि कंपनीने सांगितलेला वेळ २ ते ८ तास. भागाकार करा. २ तासांत संपते म्हणजे यंत्र २० वॉट घेते आहे. ८ तास पुरते म्हणजे फक्त ५ वॉट. यंत्र तेच, बॅटरी तीच, हातही तेच, पण खर्चात चौपट फरक. जाहिरातीत आपल्याला चित्रे दिसतात २० वॉटवाल्या खेळाची, आणि लक्षात राहतात ८ तास. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. इथेच बहुतेक जण फसतात.

आता मुख्य मुद्दा. चिपचा वेग वाढवला की खर्च त्याच प्रमाणात वाढतो, असे वाटते. तसे होत नाही. चिपला जोरात पळवायचे तर तिला व्होल्टेजही जास्त द्यावे लागते, आणि खर्च हा वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात वाढतो. ढोबळ हिशेब करू. वेग १० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावे लागले, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१ म्हणजे १.३३. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के जास्त वीज! उलट बाजूने पाहा. वेग २० टक्के कमी केला आणि व्होल्टेजही तेवढेच खाली आणता आले, तर ०.८ चा घन म्हणजे ०.५१. वेगाचा पाचवा हिस्सा सोडला की चिपचा खर्च निम्म्यावर येतो.

सकाळच्या पीटीत हे आपल्या पायांना कधीच कळलेले आहे. मैलभर धावताना शेवटचे दहा सेकंद कमी करायला जेवढा जीव जातो, तेवढा आधीच्या सगळ्या मैलात जात नाही. चिपचेही तसेच. सर्वांत वरचा थोडासा वेग सर्वांत महाग पडतो, आणि नेमका तोच विकला जातो.

हे कंपन्यांना माहीत नाही असे नाही. सोनीचा पीएसपी २००४ मध्ये जपानमध्ये आला तेव्हा त्याचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावू शकत होता. पण सोनीने खेळांना २२२ मेगाहर्ट्झची मर्यादा घातली. म्हणजे तीन हिश्श्यांपैकी दोनच हिस्से वापरायचे, बॅटरी वाचवायची. २००७ पर्यंत ती मर्यादा होती. या काळात लाखो मुलांनी तो आनंदाने खेळला, आणि आपल्या यंत्राचा तिसरा हिस्सा झोपलेला आहे हे त्यातल्या बहुतेकांच्या गावीही नव्हते. कुणाचे काही अडले नाही.

आणखी बोलके उदाहरण निन्टेन्डो स्विचचे आहे. मार्च २०१७ मध्ये आलेल्या स्विचचा वेळ कंपनीने अडीच ते साडेसहा तास सांगितला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच स्विचची सुधारलेली आवृत्ती आली. बॅटरी अगदी तीच, ४३१० मिलिअँपिअर-तास, म्हणजे सुमारे १६ वॉट-तास. खेळ तेच, चित्रे तीच. वेळ मात्र साडेचार ते नऊ तास. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा झेल्डा मालिकेतला जड खेळ आधी ३ तास चाले, तो साडेपाच तास चालू लागला. बदलली मुख्यतः चिप. ती २० नॅनोमीटरऐवजी १६ नॅनोमीटरच्या पद्धतीने बनवली गेली आणि तेच काम कमी विजेत करू लागली. माझ्या मते हातातल्या कन्सोलच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सुधारणांपैकी एक आहे. आणि तिचा गाजावाजा किती झाला? जवळजवळ नाही. कारण स्क्रीनवर काहीच नवे दिसले नाही.

आमच्या घरी, म्हणजे मी आणि माझी ताई यांच्यात, एकच स्विच आहे आणि तोही वापरलेला घेतलेला. मामाने तो घेताना मला विचारले होते. मी एकच गोष्ट सांगितली, मागचा मॉडेल क्रमांक बघ. नुसते एचएसी-००१ असेल तर सोड, एचएसी-००१(-०१) असेल तरच घे. दुकानदाराने दोन्हींची किंमत जवळपास सारखीच सांगितली होती. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ, पण एक दुसऱ्यापेक्षा जवळजवळ दीडपट ते पावणेदोनपट टिकतो. शंभर रुपयांच्या कलिंगडावर आपण टिचक्या मारून बघतो, मग इथे क्रमांक वाचायला काय हरकत आहे?

यानंतर सगळे सुधारत गेले असेल, असे तुम्हाला वाटेल. काही ठिकाणी सुधारले. २०२३ मध्ये स्टीम डेकची ओएलईडी आवृत्ती आली. बॅटरी ४० वरून ५० वॉट-तास, चिप ७ वरून ६ नॅनोमीटर, वेळ ३ ते १२ तास, आणि वजन ६६९ ग्रॅमवरून ६४० ग्रॅम. याला मी प्रगती म्हणतो. आरओजी अ‍ॅलायमध्ये २०२३ साली ४० वॉट-तासांची बॅटरी होती आणि तिच्यावर २५ वॉटपर्यंत जाऊ शकणारी चिप. पुढच्याच वर्षी आलेल्या अ‍ॅलाय एक्समध्ये बॅटरी थेट ८० वॉट-तासांची झाली. पहिली पुरत नव्हती, याची यापेक्षा चांगली कबुली कोणती?

पण जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ पाहा. बॅटरी मोठी, ५२२० मिलिअँपिअर-तासांची. ताकद कितीतरी जास्त. आणि कंपनीने सांगितलेला वेळ २ ते साडेसहा तास. म्हणजे जड खेळात तो २०१९ च्या स्विचच्या निम्माही टिकत नाही. टाकी मोठी केली आणि नळ त्याहून मोठा बसवला. दुष्काळी भागातल्या कुठल्याही आजीला विचारा, ती याला प्रगती म्हणणार नाही.

यावर माझे मित्र तीन आक्षेप घेतात. ते मी प्रामाणिकपणे मांडतो.

पहिला आक्षेप, पॉवर बँक कशासाठी आहे? घ्या की पॉवर बँक. पण तिचाही हिशेब करा. २०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा भारी वाटतो, पण तो ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. गुणाकार केला की ७४ वॉट-तास होतात, आणि त्यातलाही काही भाग चार्ज करताना उष्णतेत जातो. शिवाय जी पॉवर बँक १० वॉट देते ती २० वॉट खाणाऱ्या यंत्राला पुरी पडत नाही. खेळ चालू ठेवला तर बॅटरी सावकाश का होईना, उतरतच जाते. विमानात तर ती सामानात टाकता येत नाही, जवळच ठेवावी लागते, आणि १०० वॉट-तासांच्या पुढे विमान कंपनीची परवानगी लागते. वर हे वजन आणि लोंबती वायर. ज्या यंत्राला सतत दोरीने बांधून ठेवावे लागते ते हातातले यंत्र राहिले कुठे? ती तर गोठ्यातली गाय झाली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खेळ अडखळत चालत असेल तर बारा तास घेऊन काय करायचे? अगदी बरोबर. रडतखडत चालणारे यंत्र मलाही नको. पण अडखळणे आणि थोडे सावकाश चालणे यांत फरक आहे. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांना नवे चित्र. ३० फ्रेम म्हणजे दर ३३.३ मिलिसेकंदांना. या दोन्हींचा मध्य काढा, तो येतो २५ मिलिसेकंद. आणि २५ मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला ४० फ्रेम, ४५ नव्हे. याचा अर्थ ३० वरून ४० वर गेलात की डोळ्यांना जाणवणारी निम्मी वाट सर झाली, आणि काम ६० च्या दोन तृतीयांशच लागले. स्टीम डेकवर स्क्रीन ४० वर बांधून ठेवायची आणि चिपला किती वॉट द्यायचे ते ठरवायची सोय आहे. माझ्या मते प्रत्येक हातातल्या कन्सोलमध्ये ही सोय असायला हवी, आणि ती पाच मेन्यूंच्या आत दडलेली नसावी. शक्ती किती वापरायची हे ज्याच्या हातात यंत्र आहे त्याने ठरवावे.

तिसरा आक्षेप मित्रांचा नाही, घरच्यांचा आहे. आई म्हणते, "बॅटरी लवकर संपते तेच बरं, निदान डोळ्यांना विश्रांती मिळते." आईच्या या वाक्यावर वाद घालणे अवघड आहे, तरी घालतो. बॅटरी संपली की मूल उठून बाहेर खेळायला जात नाही. ते चार्जर शोधते आणि भिंतीशी पाठ लावून प्लगजवळ बसते. आधी गच्चीवर, अंगणात, मामाच्या ओट्यावर चार माणसांत बसून खेळणारा पोरगा आता कोपऱ्यात एकटा बसतो. वेळ संपला की थांबायला आपल्याला इथे शाळेत बिगुल शिकवतो. बॅटरी संपली म्हणून थांबणे याला मी शिस्त म्हणणार नाही. निम्मी शिल्लक असताना बंद करून ताईच्या हातात देणे, याला म्हणेन.

आता आपल्यासारख्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलांची एक खास अडचण. लिथिअम-आयन बॅटरी वापरून थकते, तशी पडून राहूनही थकते. आपण सुट्टीच्या शेवटच्या रात्री शेवटच्या टक्क्यापर्यंत खेळतो, यंत्र कपाटात टाकतो आणि चार-पाच महिने शाळेत येतो. पूर्ण रिकामी बॅटरी अशी महिनोन् महिने पडून राहिली तर ती इतकी खोल उतरू शकते की पुन्हा चार्जच होत नाही. पूर्ण भरलेली ठेवली, आणि तीही उन्हाळ्यात तापणाऱ्या खोलीत, तर ती लवकर म्हातारी होते. म्हणून निघताना साधारण निम्मी भरून, बंद करून, थंड जागी ठेवावी आणि घरच्यांना मधेच एकदा चार्ज करायला सांगावे. आमच्याकडे हे काम आजोबांकडे आहे. कॅलेंडरवर ते संकष्टीच्या शेजारी खूण करून ठेवतात.

म्हातारपणाचा हिशेबही खरेदीच्या वेळीच करायला हवा. काही वर्षांनी बॅटरीची धारणशक्ती ८० टक्क्यांवर आली असे धरू. मुळात पाच तास चालणारे यंत्र आता चार तास चालेल. चालेल म्हणजे चालवून घेता येईल. पण मुळात दोन तास चालणारे यंत्र आता दीड तासावर येईल. एक सिनेमाही त्याहून लांब असतो. गेम बॉयला हा प्रश्नच नव्हता. सेल संपले की गावच्या किराणा दुकानात नवे मिळत. आज बॅटरी स्क्रू आणि गोंद यांच्या आड बंद असते. आणि आपल्याकडे मिळणारी यातली काही यंत्रे कंपनी भारतात स्वतः विकत नाही, ती बाहेरून आणून विकली जातात, त्यामुळे ती दुरुस्त कुठे करायची हाही प्रश्न. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केला की १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. आपल्याकडे २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम आहेत. ते बॅटरी निकामी झाल्यावर तिचे काय करायचे ते सांगतात. ती लवकर निकामी होऊ नये आणि झालीच तर यंत्र वाचावे, असाही नियम आपल्या देशात व्हायला हवा.

हा विषय सैनिकी शाळेच्या मासिकात कशाला, असे कुणी विचारेल. बाबा लडाखला होते तेव्हा ते सांगत की थंडीत फोन चाळीस टक्क्यांवर असतानाच बंद पडतो, म्हणून तो छातीशी, जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवावा लागतो. थंडीत लिथिअम बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि ती साठवलेलीही ऊर्जा पूर्ण देत नाही. वायरलेस सेट असो, रात्री पाहायचे यंत्र असो की ड्रोन असो, प्रत्येकामागे हाच भागाकार आहे, टाकी भागिले नळ. फरक इतकाच की तिथे बॅटरी संपली तर खेळ थांबत नाही, संपर्क तुटतो. आणि प्रत्येक जास्तीची बॅटरी कुणाच्या तरी पाठीवर असते. उद्या आपल्यापैकी कुणी अशी यंत्रे निवडायच्या जागी बसेल. "सर्वांत वेगवान कोणते?" असे विचारणारा अधिकारी आणि "जवानाला रात्रभर पुरेल असे कोणते?" असे विचारणारा अधिकारी, यांतला कोण हवा, हे मी सांगायची गरज नाही. ही सवय लावायला खेळणे हे काही वाईट साधन नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलाने हट्ट धरला तर "नाही" म्हणण्याआधी किंवा "हो" म्हणण्याआधी त्याला चार प्रश्न विचारा. सर्वांत जड खेळात कमीत कमी किती तास चालते? बॅटरी किती वॉट-तासांची आहे? खर्च कमी-जास्त करायची सोय आहे का? आणि तीन वर्षांनी बॅटरी बदलून कोण देईल? चारही उत्तरे त्याने शोधून आणली तर निदान त्याचा एक धडा पक्का झाला. उत्तरे ऐकून तुम्ही नकार दिलात, तरी तो धडा कुठे जात नाही.

कंपन्यांकडे माझी मागणी एकच आहे. पंख्याच्या आणि फ्रिजच्या अंगावर जशी ताऱ्यांची पट्टी चिकटवलेली असते, तसा कन्सोलच्या खोक्याच्या पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरात, जड खेळातला कमीत कमी वेळ छापावा. 'पर्यंत' हा शब्द न वापरता.

आणि माझ्या ज्युनिअर दोस्तांनो, घरी जुने यंत्र आहे म्हणून डॉर्ममध्ये मान खाली घालू नका. कोणी नव्या चिपचे आकडे ऐकवू लागला तर पूर्ण ऐकून घ्या, आणि मग त्याला फक्त विचारा, "कमीत कमी किती तास?" ज्याच्याकडे काहीच नाही त्यानेही बिनधास्त विचारावे. भागाकार करायला कन्सोल लागत नाही.